मुंबईत बांधलेलं, अजून तरंगणारं जहाज

इतिहासाच्या आजच्या गप्पांत आपण एका लढाऊ जहाजावर जाणार आहोत. हे जहाज आहे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल नावाच्या बंदरगावात. तिकिटाला पैसे नकोत, आवाजाच्या वाटेनं जाऊ.

एवढ्या लांबच्या जहाजाशी आपलं काय नातं, असं कुणी विचारेल. नातं आहे. हे जहाज मुंबईत बांधलं गेलं, तेही सागाच्या लाकडात. नाव त्याचं ‘त्रिंकोमाली’. श्रीलंकेत त्या नावाचं बंदर आहे, त्यावरून ठेवलेलं. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं आणि दोनशे वर्षं उलटून गेली तरी पाण्यावरच आहे. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांपैकी आज तरंगत असलेलं हे सगळ्यांत जुनं. ‘व्हिक्टरी’ नावाचं याहून जुनं एक आहे, पण ते कोरड्या गोदीत ठेवलेलं आहे.

आता इंग्रजांनी जहाज मुंबईत का बांधलं? तेव्हा त्यांची फ्रान्सच्या नेपोलियनशी लढाई चालू होती. जहाजांसाठी ते ओक नावाच्या झाडाचं लाकूड वापरत, त्याची टंचाई झाली होती. आपल्याकडे मलबारच्या जंगलात साग होता. सागाची किंमत आपल्याला सांगायला नको. जुन्या घराची सागाची तुळई तीन पिढ्या बघते. सागात तेल असतं, त्याला कीड लवकर लागत नाही, पाण्यात ते सहज कुजत नाही आणि आतले लोखंडी खिळेही त्यात टिकतात.

शिवाय मुंबईत हुन्नर होता. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. पुढे पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्यानं जहाजं बांधली. ‘त्रिंकोमाली’ बांधलं ते जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली.

या जहाजाची सुरुवातच अडथळ्यानं झाली. १८१२ साली हुकूम निघाला. आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले. वाटेत ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजानं ‘जावा’चा पाडाव केला आणि आराखडेही गेले. पुन्हा नवे आराखडे पाठवावे लागले. काम सुरू व्हायला १८१६ साल उजाडलं. गंमत म्हणजे ते ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज अमेरिकेत बोस्टनला तरंगत उभं आहे, तेही बघायला लोक जातात.

जहाजाचा तळाचा कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. आपण घराच्या पायात नाणं टाकतो, तसंच ते. काम करणाऱ्याची भावना सगळीकडे सारखीच.

आणखी एक तारीख शेजारी ठेवून बघू. जहाज पाण्यात उतरलं १२ ऑक्टोबरला. त्यानंतर २४ दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. म्हणजे घाटाच्या खाली आपलेच हात इंग्रजांसाठी उत्तम जहाज घडवत होते आणि घाटाच्या वर त्याच इंग्रजांचं राज्य पसरत होतं. मेहनत आपली, मालकी त्यांची. म्हणून या जहाजाचं कौतुक करताना दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायच्या.

चला, आता आत जाऊ. जहाज साधारण दीडशे फूट लांब आणि चाळीस फूट रुंद आहे. तीन उंच डोलकाठ्या. एका मजल्यावर दोन्ही बाजूंना तोफांच्या खिडक्या. मूळ आराखड्यात ३८ तोफा होत्या. त्यातल्या मोठ्या तोफेचा एक गोळा आठ किलोचा. डुलत्या जहाजावर असे गोळे उचलून तोफेत भरायचे.

त्याच्या खालच्या मजल्यावर खलाशी राहत. छत इतकं खाली की मान वाकवून चालायचं. अडीचशेहून जास्त माणसांची ही सोय. झोपायला तुळयांना टांगलेल्या कापडी झोळ्या. आरमाराच्या नियमाप्रमाणे एका झोळीला जागा मिळे चौदा इंच, म्हणजे जेमतेम दीड वीत. तिथंच जेवण, तिथंच गप्पा, तिथंच आजारपण. मागच्या बाजूला कप्तानाची खोली मात्र खिडक्यांची, उजेडाची. घर असो की जहाज, उजेड आधी कुणाला मिळतो ते बघितलं की तिथली रीत कळते.

आता मुख्य प्रश्न. हे लाकडी जहाज इतकी वर्षं टिकलं कसं? ते काही मोठ्या लढाया जिंकून गाजलेलं नाही. १८१९ ला ते इंग्लंडला पोचलं, तोवर नेपोलियनचा पराभव होऊन चार वर्षं झाली होती. गरज संपलेली. जवळजवळ तीस वर्षं ते बंदरात पडून राहिलं. १८४७ पासून दहा वर्षांत त्यानं दोन लांबच्या सफरी केल्या. मग वाफेच्या जहाजांचे दिवस आले आणि ते पुन्हा मागं पडलं.

पण त्याला दुसरं काम मिळालं. १८६० नंतर त्यावर नव्या खलाशांना शिकवायला लागले. १८९७ ला ते भंगारात विकलं गेलं. तेव्हा जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थानं ते विकत घेतलं, त्याला ‘फुद्रोयाँ’ असं नाव दिलं आणि मुलांसाठी त्यावर शाळा चालवली. १९८६ पर्यंत पोरंपोरी त्यावर राहून शिकत होती. १९८७ ला ते हार्टलपूलला आणलं. तिथले जहाज बांधायचे कारखाने बंद पडले होते. आधी दुसरं एक जुनं जहाज दुरुस्त करून तयार झालेले कारागीर त्या गावात होते. त्यांनी २००१ पर्यंत खपून हे काम पुरं केलं. खर्च आला सुमारे एक कोटी पौंड. जुनं नावही त्याला परत मिळालं. त्यातलं अर्ध्याहून जास्त लाकूड अजून मूळचंच आहे.

म्हणजे साग चांगला होता हे खरंच, पण नुसत्या सागानं ते वाचलं नाही. दर वेळी त्याला काही ना काही काम मिळालं आणि खर्च उचलणारी माणसं मिळाली.

याच्या उलट गोष्ट मुंबईतच घडली. आपली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’. ती बांधली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला, म्हणजे हार्टलपूलच्या त्याच ईशान्य किनाऱ्याच्या भागात. १९६१ ला ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. १९९७ ला ती निवृत्त झाली आणि मुंबईत तिचं तरंगतं संग्रहालय झालं. शाळेच्या सहली जायच्या. पण पोलादाच्या जहाजाला खाऱ्या पाण्यात गंज चढतो. दुरुस्तीला सतत पैसा लागतो. २०१२ ला ती लोकांसाठी बंद झाली. वाचवा म्हणून लोक कोर्टात गेले, पण उपयोग झाला नाही. २०१४ ला सुमारे ६० कोटींना भंगारात विकली गेली आणि मुंबईतच तोडली.

मुंबईत जन्मलेलं जहाज तिकडे जपलं गेलं, तिकडे जन्मलेलं मुंबईत तुटलं. यात नुसतं त्यांना शाबासकी आणि आपल्याला दोष देऊन भागणार नाही. पैशाचा फरक आहेच. पण गौरवाची भाषणं करणारे पुष्कळ असतात आणि दरवर्षीच्या डागडुजीचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न आला की मंडळी पांगतात. आपल्या गावात वेगळं काय होतं? जुन्या विहिरीचं पाणी भरणं थांबलं की तिच्यात कचरा पडायला लागतो. मग दोन पावसाळ्यांत कडा ढासळतात.

आणि एक गोष्ट मनाला लागते. जमशेटजींचं नाव इतिहासात राहिलं, राहायलाच हवं. पण मलबारात साग तोडणारे, ओंडके ओढणारे, करवतीनं फळ्या पाडणारे, फटी बुजवणारे यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्या घरच्या बायांची तर नाहीतच. त्यांच्या हातचं काम मात्र आजही पाणी आत येऊ देत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातली एक जुनी, अजून वापरात असलेली वास्तू निवडा. विहीर, बंधारा, धर्मशाळा, शाळेची जुनी खोली, काहीही. ती कुणी बांधली, दगड कुणी वाहिले, डागडुजी कोण करतं, हे म्हाताऱ्या बायांना विचारा आणि गटाच्या वहीत नावानिशी लिहा. मग तिच्या देखभालीला वर्षाला किती लागतं, याचाही हिशोब मांडा. बचतगटाच्या वहीत कर्जाचे हप्ते आपण चोख लिहितो. त्याच वहीत चार पानं याला द्यायला हरकत नाही.