आजन्म व्रत ते उन्हाळी फेरी : तरुणांच्या मिशन-यात्रांचा इतिहास

१/ उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा-वीस तरुणांचा गट एखाद्या गरीब देशात जातो, शाळेच्या भिंती रंगवतो, प्रार्थनासभा घेतो आणि दोन आठवड्यांत घरी परततो. अमेरिकेतील असंख्य चर्चमध्ये ही आज नित्याची गोष्ट आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र मिशनरी होणे म्हणजे बहुधा मायदेशाचा कायमचा निरोप घेणे असे.

२/ फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. त्यांच्या हद्दपारीचे प्रयत्नही झाले. तरीही हॉल टिकले, मराठी शिकले आणि त्याच भाषेत लोकांशी बोलू लागले. १८२६ साली नाशिकच्या दौऱ्यात पटकीने त्यांचा बळी घेतला. वय अवघे ४१. अमेरिका त्यांनी पुन्हा पाहिलीच नाही.

३/ या परंपरेला विद्यार्थी-चळवळीचे रूप देणाऱ्यांपैकी एकाचा जन्म कोल्हापूरचा. रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याचे पुत्र रॉबर्ट वाइल्डर १८६३ साली तेथे जन्मले. पुढे ते प्रिन्स्टनमध्ये शिकले.

४/ १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे सुमारे २५० विद्यार्थी बायबल-अभ्यासासाठी जमले. वाइल्डर यांनी तेथे परदेशी मिशनकार्याचा आग्रह धरला. शिबिर संपेपर्यंत १०० जणांनी मिशनरी होण्याची तयारी दर्शवली होती. १८८८ साली या लाटेला ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ असे संघटित रूप मिळाले. पुढील काही दशकांत तिच्यामार्फत सुमारे २०,००० तरुण-तरुणी परदेशी गेल्या.

५/ या चळवळीची प्रतिज्ञा सुटीपुरती नव्हती. तिच्यात आयुष्याचा व्यवसाय ठरत असे. परंतु पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य संस्कृतीच्या श्रेष्ठत्वावरचा विश्वासच डळमळला. १९२० नंतर चळवळीला ओहोटी लागली.

६/ दुसऱ्या महायुद्धानंतर नवे वळण आले. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर हा विद्यार्थी दोन मित्रांसह धार्मिक पुस्तके घेऊन मेक्सिकोला गेला. त्यातून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभे राहिले. १९६० साली लोरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ स्थापन केली. ईश्वरशास्त्राची पदवी नसलेल्या तरुणांनाही थोड्या काळासाठी पाठवावे, ही त्यांची कल्पना.

७/ जेट विमानांनी या कल्पनेला पंख दिले. हॉल यांच्या काळी महिनोन्‌महिने चालणारा प्रवास आता काही तासांवर आला. जाणे सोपे झाले आणि परतणेही. हळूहळू उद्दिष्टही बदलले : तेथील लोकांच्या उद्धाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जाणाऱ्या तरुणाच्या घडणीला महत्त्व आले.

८/ त्याचा हिशेब होंडुरासमध्ये मांडला गेला. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर तेथे अनेक गट घरे बांधण्यास गेले. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी त्या कामाचा अभ्यास केला. एका घराचा खर्च सुमारे २,००० डॉलर. ते बांधण्यास आलेल्या गटाचा खर्च मात्र सुमारे ३०,००० डॉलर. पाहुण्यांनी बांधलेली घरे आणि स्थानिकांनी बांधलेली घरे, दोन्हींत राहणाऱ्या कुटुंबांच्या जीवनावरील परिणामांत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही.

९/ म्हणून जुना काळ निर्दोष ठरत नाही. दीर्घकाळ राहणाऱ्या मिशनऱ्यांच्या मागेही साम्राज्याची सावली होती, आणि इतरांचा धर्म बदलण्याच्या त्यांच्या अट्टहासावर त्या काळीही कठोर टीका झाली. पण राहणाऱ्याला यजमानाची भाषा शिकावी लागे, त्याचा प्रतिवाद ऐकावा लागे, आपल्या चुकांचे परिणाम तेथेच राहून पाहावे लागत. दोन आठवड्यांच्या पाहुण्यावर ही वेळ येत नाही. भिंतीचा रंग वाळण्याआधी त्याचे विमान निघालेले असते; ती भिंत खरोखर रंगवायला हवी होती का, हे सांगू शकणारा माणूस मात्र तेथेच मागे राहतो.