काळ्या पाषाणाची बखर

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याकडे जाताना वाटेत फुलंब्री लागते. या भागात विहीर खणायला घ्या. वरची काळी माती आणि मुरूम सरला की पहार काळ्या पाषाणावर खणखणते. आणखी खाली कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो, आणि त्याखाली पुन्हा पाषाण. आपल्या बखरी दोन-चारशे वर्षांच्या. ही बखर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे.

त्या काळी दख्खनची भूमी ठिकठिकाणी फाटली आणि भेगांतून लाव्हारस वाहू लागला. एक थर निवावा, त्यावर ऊन-पावसाने माती धरावी, तोच दुसरा लोट यावा! तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांमधली विश्रांती. आज उरलेला हा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच थरांत कोरली गेली.

पण वाचकहो, रस इथे थिजला. धूर मात्र पृथ्वीभर गेला. गंधकाचा वायू उंच आभाळात पोहोचला की त्याचे आम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात. ते ऊन परतवतात आणि हवा गारठते. १८१५ च्या एप्रिलात इंडोनेशियातला तांबोरा फुटला, तेव्हा पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. हिंदुस्थानातही पावसाचे मान बिघडले. तरी हे थेंब दोन-तीन वर्षांत खाली बसतात. कर्बवायू तसा नव्हे. तो शतकानुशतके राहून पृथ्वी तापवतो. दख्खनच्या भेगांनी दोन्ही ओकले. त्याच सुमारास मेक्सिकोत प्रचंड अशनी आदळला. डायनोसॉर नामशेष झाले त्यात कोणाचा वाटा किती, हा पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही.

खरे नवल पुढेच आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कर्बवायू या पाषाणाला झिजवतो आणि त्या झिजेत स्वतःच बांधला जातो. त्याच झिजेतून आपली कपाशीची काळी माती झाली. जखम ज्याने केली, त्यानेच मलमपट्टीही केली. मात्र तिला लाखो वर्षे लागली.

आज माणूस जगातल्या साऱ्या ज्वालामुखींच्या सुमारे शंभरपट कर्बवायू दरसाल हवेत सोडतो. पाषाण आपले काम अजून करतोच आहे. पण त्याची चाल बैलगाडीची आणि आपली आगगाडीची. दिवाळीचा किल्ला रचायला मुले काळी माती कालवतील, तेव्हा त्यांना ही बखर जरूर सांगावी. पुढची पाने त्यांनाच लिहायची आहेत.