घाटातला मक्ता

घाटकोपरच्या आमच्या गच्चीवरून दोन काळ एकदम दिसतात. खाली रेल्वेचे रूळ आणि वर मेट्रोचा पूल. खालून गाडी पहिल्यांदा गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. वरची मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. गेल्या दिवाळीत पणत्या लावून झाल्यावर नातू याच गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसला. नुकताच इंजिनिअर झालेला, आणि पहिलीच नोकरी कंत्राटावरची. म्हणाला, "आजोबा, आई म्हणते कंत्राटावरची नोकरी ही काही नोकरी नव्हे. तुम्ही तर जन्मभर तेच केलंत. खरं काय?"

मी म्हटले, "हे रूळ बघ. हेही कंत्राटावरच टाकलेले आहेत." आणि मग फराळाचे ताट बाजूला ठेवून जे सांगितले, तेच वाचकांपुढे ठेवतो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी १८४९ साली स्थापन झाली. जेम्स बर्कले हा तिचा मुख्य इंजिनिअर. पण कंपनीने स्वतः कुदळ हाती घेतली नाही. बोरीबंदर ते ठाणे हे एकवीस मैलांचे काम तिने फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज मक्तेदारांना दिले. आराखडा आणि देखरेख कंपनीच्या इंजिनिअरांची; माणसे, दगड, चुना आणि धोका मक्तेदाराचा! ही वाटणी दिसायला सोपी आहे. पुढची सारी कथा या वाटणीचीच आहे. ठाण्यापर्यंतचे काम पार पडले आणि चारशे पाहुण्यांना घेऊन चौदा डब्यांची गाडी आमच्या घाटकोपरच्या रानातून धडधडत निघून गेली.

केवळ साहेबच मक्तेदार होते असे मात्र नव्हे. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थाने याच कंपनीचे मक्ते घेतले आणि इतके चोख पार पाडले, की खुद्द बर्कलेने त्याची वाखाणणी केली. कारागिरांची नाडी ज्याला कळते, त्याच्यापुढे मोठ्या पदव्याही फिक्या पडतात.

खरी परीक्षा व्हायची होती ती बोरघाटात. पंधरा मैलांच्या अंतरात अठराशे फुटांवर चढायचे! पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. हा मक्ता पुन्हा फॅव्हिएललाच मिळाला आणि १८५६ च्या आरंभी कामाला हात लागला. फॅव्हिएलने कामाचे तुकडे करून पोटमक्तेदारांना दिले. त्यांच्याखाली मुकादम आणि मुकादमांच्या हाताखाली मजूर. पैसा वरून निघे. पण खाली पोचेपर्यंत तो ठिकठिकाणी झिरपे. मजुरीच्या तक्रारी साचत गेल्या आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संताप उसळला. दंग्यात एक युरोपियन माणूस मारला गेला. त्याच मार्चमध्ये फॅव्हिएलने मक्ता सोडला. सरकारलाही जाग आली. अशा कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट सोडवावेत म्हणून १८६० साली कायदा झाला.

मग सॉलोमन ट्रेडवेल हा नवा मक्तेदार विलायतेहून आला. घाटात पोचून थोडे दिवस होतात न होतात तोच आजारी पडून वारला. मागे राहिली त्याची पत्नी अॅलिस. परका मुलूख, अर्धवट बोगदे आणि नवऱ्याच्या नावावरचा करार! दुसरी कोणी असती तर पहिली बोट धरून परत गेली असती. या बाईने मक्ता स्वतःच्या शिरावर घेतला आणि अॅडम्सन व क्लाउझर हे दोन इंजिनिअर कामावर नेमले. हे दोघे कंपनीच्या वतीने त्याच घाटात राबलेले. तिथला कडा न् कडा त्यांच्या ओळखीचा होता. कारभार त्यांच्या हाती, जबाबदारी तिची. १८६१ साली घाटात बेचाळीस हजारांवर माणसे खपत होती. पटकीने माणसे मरत, पावसात कामे थांबत. तरीही एप्रिल १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला. ते पाहायला बर्कले मात्र नव्हता. तो आदल्याच वर्षी वारला होता.

कोणाला नेमावे, हे मला त्या बाईने शिकवले. नाव पाहून नव्हे, तर जमीन ओळखणारा माणूस पाहून नेमावे; आणि एकदा नेमल्यावर त्याच्या हाताला हात लावू नये.

परंतु विश्वास म्हणजे डोळेझाक नव्हे. याच घाटातला एक मोठा दगडी पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला. चौकशीत बांधकाम निकृष्ट असल्याचे आढळले. भिंतीच्या पोटात काय भरले आहे ते बांधतानाच पाहावे लागते. नंतर ते फक्त कोसळल्यावरच दिसते!

आता माझे थोडेसे. १९७४ सालची गोष्ट. एका कारखान्याच्या कुंपणाच्या भिंतीचे काम मी घेतले होते. मध्येच मालकांनी गटार वाढवून मागितले. "करा हो, बिलात घालू," म्हणाले. मी तोंडी शब्दावर काम केले. बिल गेले आणि गटाराची रक्कम तांबड्या शाईने कापली गेली. दिवाळीला चार दिवस उरले होते. बावीस मजूर, बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेले, दाराशी येऊन बसले. कोणी ओरडले नाही. मला ओरडलेले परवडले असते.

सौभाग्यवतीने काही न विचारता हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्याच संध्याकाळी सगळ्यांचा हिशेब चुकता केला. मालकांकडचे पैसे शेवटपर्यंत आले नाहीत. पण पुढे वीस वर्षे, दुसऱ्यांना माणसे मिळत नसताना, त्यांचा मुकादम माझ्या एका निरोपावर गडी घेऊन येत असे. माझा धंदा त्या पाटल्यांवर उभा राहिला. नंतर मी एक नेम केला: वाढीव काम कागदाशिवाय करायचे नाही आणि आपले पैसे येवोत न येवोत, मजुराचा शनिवार चुकवायचा नाही.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आजोबा, पाटल्या परत केल्यात का?"

"तीन वर्षांनी. तुझ्या आजीने त्या परत घालून पाहिल्या आणि म्हणाली, जरा सैल होतात हो."

खालून कल्याणची गाडी गेली. तिचे दिवे दूर जाईपर्यंत आम्ही दोघे पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराने आपला करार माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाला, "आजोबा, जरा वाचून द्या." मी चष्मा शोधला. आजीने आधी चकली पुढे केली.