गाविलगड

गाविलगड हा महाराष्ट्रातील अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील मध्ययुगीन डोंगरी किल्ला आहे. सातपुड्याच्या दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर तो वसलेला आहे. चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण येथून जवळच आहे. सातपुड्याच्या या भागास गाविलगडचे डोंगर हे नाव या किल्ल्यावरूनच मिळाले. नरनाळ्याप्रमाणेच गाविलगड हाही वऱ्हाडच्या सत्तेचा प्रमुख आधार होता. त्यामुळे वऱ्हाडच्या राज्यकर्त्यांबरोबर किल्ल्याचे धनीही बदलत गेले.

नाव व रचना

या डोंगरात पूर्वी वस्ती करून असलेल्या गवळी लोकांवरून किल्ल्याचे नाव पडले, असे परंपरेने मानले जाते. किल्ल्याचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग आहेत. आतला किल्ला दक्षिणेकडे, जेथे कडा सर्वांत तुटलेला आहे तेथे आहे. उत्तर व वायव्य बाजूंस बाहेरच्या किल्ल्याचे संरक्षण असून त्याच्याही पुढे आणखी एक तटबंदी आहे. दक्षिणेकडून चढाई जवळजवळ अशक्य होती. उत्तरेकडे मात्र डोंगराची सलग जमीन तटापर्यंत येत असल्याने तीच बाजू दुबळी ठरली. पाण्यासाठी किल्ल्यावर अनेक तलाव बांधलेले आहेत.

बहामनी व इमादशाही

फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते बहामनी सुलतान अहमदशहा वली याने एलिचपूर (आजचे अचलपूर) येथील मुक्कामात १४२५-२६च्या सुमारास हा किल्ला बांधविला. बहामनी राज्य विस्कळीत झाल्यावर वऱ्हाडचा सुभेदार फत्तुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला व इमादशाहीची स्थापना झाली. तो मूळचा विजयनगरच्या प्रदेशातील हिंदू घराण्यातला असून बालपणी कैद होऊन बहामनी राज्यात आला होता. त्याने १४८८मध्ये किल्ल्याची मोठी दुरुस्ती केली. किल्ल्याच्या दरवाजावर नखांत हत्ती पकडलेल्या दुतोंडी गंडभेरुंड पक्ष्याचे शिल्प आहे. गंडभेरुंड हे विजयनगरचे चिन्ह असल्याने अभ्यासक त्याचा संबंध फत्तुल्लाच्या मूळ प्रदेशाशी जोडतात.

निजामशाही, मोगल व भोसले

इमादशाहीच्या अखेरीस तुफालखान या सरदाराने बुऱ्हाण इमादशहाला नरनाळ्यावर कैदेत ठेवून सत्ता बळकावली. १५७४मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने वऱ्हाड जिंकले आणि गाविलगड निजामशाहीत गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो मोगलांच्या हाती आला. ‘आइन-ए-अकबरी’त या किल्ल्याच्या अभेद्यतेचा गौरव असून, जवळच्या एका झऱ्याच्या पाण्यात शस्त्रांना पाणी दिले जाई, अशी नोंद आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी किल्ला घेतला.

१८०३चा वेढा

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे पराभव झाल्यानंतर भोसल्यांच्या फौजेतील काही पलटणी गाविलगडावर आल्या. जनरल आर्थर वेलस्ली याने दक्षिणेकडून तोफा डागल्या. खरा हल्ला मात्र कर्नल स्टीव्हनसनने उत्तरेकडून केला. त्यासाठी जड तोफा डोंगरातील बिकट वाटेने ओढत न्याव्या लागल्या. १५ डिसेंबर रोजी बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज सैन्य आत घुसले. आतला तट तेव्हाही अभंग होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि दरवाजा उघडला. रजपूत किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांना कटक प्रांत कंपनीस आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख कंपनीचा मित्र असलेल्या निजामास द्यावा लागला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या भोवतीचा चार लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश मात्र भोसल्यांकडेच ठेवण्यात आला. या तहाने वर्धा नदी ही सरहद्द झाली. आज सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तो नदीच्या पूर्वेकडील भाग नागपूरच्या राज्यात राहिला.

नंतरचा काळ

आप्पासाहेब भोसले यांच्या पराभवानंतर १८१८मध्ये किल्ला इंग्रजांकडे आणि १८२२च्या तहाने निजामाकडे गेला. १८५३मध्ये वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. १८५७च्या उठावानंतर बंडवाल्यांना किल्ल्याचा आश्रय मिळू नये म्हणून १८५८मध्ये त्याची तटबंदी निकामी करण्यात आली.

सद्यःस्थिती

किल्ला मेळघाटच्या वनप्रदेशात आहे. दरवाजे, बुरूज, तलाव, एक मोठी मशीद आणि काही तोफा आजही पाहावयास मिळतात. तटाच्या सांध्यांतून वाढलेली झाडेझुडपे आणि पावसाचा मारा यांमुळे बांधकाम ढासळत आहे. इमादशाहीच्या राजधानीतील बहुतेक वास्तू नष्ट झाल्या असल्याने, त्या घराण्याचा इतिहास समजून घेण्यासाठी येथील शिल्पे व शिलालेख यांचे मोल मोठे आहे.