जावास्क्रिप्ट : चौथ्या आवृत्तीचा वाद

ब्राउझरमधील पानांना हालचाल व प्रतिसाद देणाऱ्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेचे पहिले रूप ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत सिद्ध केले. १९९७ पासून ‘एक्मा’ ही संस्था तिची प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध करते. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर मात्र समितीत दोन तट पडले. मोठ्या प्रकल्पांसाठी ‘क्लास’, ‘पॅकेज’ आणि माहितीचे प्रकार आधीच ठरवून देण्याची सोय हवी, असे मोझिला व अडोबी यांचे म्हणणे होते. इतक्या बदलांनी भाषा बोजड होईल, असा मायक्रोसॉफ्ट व याहू यांचा आक्षेप होता. नव्या सुविधेमुळे जुने पान बंद पडले, तर ते नव्याने लिहून देणारा बहुधा कोणीच नसतो, ही अडचण होतीच. अखेर २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीचा आराखडा सोडून देण्यात आला. डिसेंबर २००९ मध्ये मर्यादित सुधारणांची पाचवी आवृत्ती आली. ‘क्लास’ यायला मात्र जून २०१५ उजाडले. आता प्रत्येक प्रस्ताव टप्प्याटप्प्याने पारखला जातो आणि सर्वसहमतीनेच स्वीकारला जातो. आवृत्त्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकाची जागा आजही रिकामीच आहे.