सगळ्या शस्त्रांनिशी पलीकडे

सन 118 च्या सुमाराचा उन्हाळा. पॅनोनिया या रोमन प्रांतातल्या छावणीखाली, डॅन्यूबच्या उजव्या काठाला तू गुडघाभर पाण्यात उभा आहेस आणि पुढचं पाऊल काही उचलत नाही. आल्प्समधला बर्फ वितळून नदी फुगली आहे. पोटऱ्या बधिर झाल्यात. अंगावर चिलखत नाही, हातात भाला नाही. ते सगळं नंतर.

तू डोंगरातला. गावाजवळचा ओढासुद्धा उन्हाळ्यात आटायचा. पण भरती झालास ती बटावियनांच्या हजारी पथकात. हे लोक मूळचे ऱ्हाईनच्या मुखाकडचे, आजच्या नेदरलँड्समधले. रोम त्यांच्याकडून कर घेत नाही, सैनिक घेतं. घोडा आणि हत्यारं न सोडता, रांग न मोडता ते ऱ्हाईन पार करतात, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसनं करून ठेवली आहे. अशांच्या देखत घाबरायचं म्हणजे भीतीच्या वर लाजही आलीच. काठावरून कुणी तरी ओरडतं, “ढकला रे त्याला!”

तुमचा डेक्युरियन, म्हणजे तीसेक स्वारांचा म्होरक्या, ढकलू देत नाही. ढकललं की पोहता येतं ही समजूत आपल्याकडच्या विहिरींवरही फार जुनी आहे, आणि ती क्रूर आहे. त्यातून ज्यांना पोहणं आलं त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. जे जन्मभर पाण्यापासून लांब राहिले, ते गप्प बसतात.

“खाली बस. गळ्यापर्यंत,” तो म्हणतो.

पाणी छातीला लागताच तुझा श्वास आपोआप आत खेचला जातो, मग धापा. तुला वाटतं, आता मेलो. हा भित्रेपणा नव्हे. गार पाणी कातडीला लागलं की शरीर असंच वागतं; शूरांचंही वागतं. अशा वेळी हातपाय झाडले तर पाणी नाकातोंडात जातं. निमूट थांबलं तर दोन-तीन मिनिटांत धाप आपली आपण बसते. तो तुला तेवढंच करायला लावतो: थांबायला. मग तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे. घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो, त्यामुळे डोकं वर काढल्यावर आधी सोडायचा की आधी घ्यायचा, याचाच गोंधळ होतो. पाण्यातच सोडून आलं की वर फक्त घ्यायचा उरतो.

उताणं पडणं सर्वांत अवघड. तू मान उचलतोस, आणि मान उचलली की कंबर खाली जाते. त्याचा तळवा तुझ्या मानेखाली आहे. “कान बुडू दे.” कान बुडतात, छावणीचा गलका बंद होतो, छाती भरलेली असते आणि पाणी तुला उचलून धरतं. तळवा कधी निघाला ते कळतही नाही.

पुढं कमरेला बुचाच्या सालीचा पट्टा. रोमन पोरं त्यावरच शिकतात, होरेसच्या कवितेतही ते बूच आलंय. आपल्याकडं विहिरीत पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधतात, तसंच. पट्टा सुटायला बराच काळ जातो. जाऊ दे.

शेकोटीजवळ जुने स्वार इ.स. 16 ची गोष्ट सांगतात. रोमन सेनापती जर्मेनिकसच्या मोहिमेत एम्स नदीच्या मुखाशी भरतीचं पाणी चढत होतं आणि पिछाडीचे बटावियन आपलं पोहण्याचं कसब दाखवत पाण्यात खेळत राहिले. गोंधळ उडाला, काही जण बुडाले. पट्टीचा पोहणाराच बुडतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. ही गोष्ट ऐकून तुला पहिल्यांदा वाटतं की आपली भीती टाकून द्यायची वस्तू नाही, ती थोडी सोबत हवी.

मग घोडा. पाण्यात उतरल्यावर खोगिरावरून घसरायचं, आयाळ धरायची, टापांपासून लांब राहायचं. लगाम ओढायचा नाही. ओढलास तर घोडा मागं उलटतो. शेवटी दहाएक किलोचं कड्यांचं चिलखत.

आणि तो दिवस उगवतो. काठावर सम्राट हेड्रियन स्वतः उभा. सगळ्यांत पुढं जातो एक धनुर्धर. पूर्ण शस्त्रांनिशी त्यानं हेड्रियनच्या समोर डॅन्यूब पोहून पार केली, हवेतला स्वतःचाच बाण दुसऱ्या बाणानं मोडला, असं त्याच्या समाधिलेखात म्हटलं आहे. तो मजकूर आजही वाचता येतो. तुझ्याबद्दल कुठंच काही लिहिलेलं नाही. तू मधल्या रांगेत आहेस. गार पाणी छातीला लागतं, श्वास खेचला जातो. तू थांबतोस, सोडतोस. प्रवाह तुम्हाला तिरकं नेतो, तुम्ही जाऊ देता. मध्यावर एक लाट तोंडावर येते. खोकतोस. आयाळ सुटत नाही. मग घोड्याच्या टापांना वाळू लागते.

पुढं अडीचशेहून अधिक वर्षांनी युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक व्हेजेशियस लिहील: नद्यांवर दर वेळी पूल नसतो, तेव्हा उन्हाळ्यात प्रत्येक नव्या शिपायाला पोहायला शिकवा, घोड्यांनाही, नोकरांनाही.

तुझा डेक्युरियन ते आजच करतो. चिलखतातून पाणी निथळत असताना तो तुला हाक मारतो आणि मोतद्दारांच्या पोरांकडं बोट दाखवतो. “उद्यापासून ही तुझ्याकडं. कुणाला ढकलायचं नाही.”