चार पुड्या चहा आणि आठ हजार मैल



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक गंमत झाली. गटातल्या एका ताईंचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याचे साहेब कुटुंबासह युरोपात भाड्याची गाडी घेऊन पाच देश फिरणार आहेत. त्यांची तयारी सहा महिन्यांपासून चालू आहे. व्हिसा, विमा, हॉटेल, गाडीचे कागद, कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, सगळी यादी. ताई सांगत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक काकू म्हणाल्या, "मी तर माहेर, सासर आणि दवाखाना सोडून कुठं रात्र काढली नाही. पैसा असेल तर माणूस फिरते. आपलं काय?"

सगळ्या हसल्या, पण त्या हसल्या नाहीत. म्हणून आज त्यांच्यासाठी हा इतिहास सांगतो आहोत. युरोपातले बरेच देश रस्त्याने पार करणाऱ्या एका प्रवासाची गोष्ट आहे ही, आणि तिचं एक टोक आपल्या धाम नदीच्या काठी, पवनारला आहे.

पवनारचा परमधाम आश्रम आपल्याला ठाऊक आहे. 1950 च्या सुमारास विनोबाजींनी तिथे कांचनमुक्तीचा प्रयोग केला. कांचन म्हणजे सोनं, पैसा. पैशावाचून जगता येतं का, हे पाहायचं. स्वतः खणायचं, स्वतः पिकवायचं, स्वतः सूत कातायचं. पुढे मार्च 1951 मध्ये ते तेलंगणाकडे पायी निघाले आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना पहिली जमीन दान मिळाली. तिथून भूदान सुरू झालं. मग विनोबा वर्षानुवर्षं चालत राहिले. रोज पहाटे निघायचं, पुढच्या गावी थांबायचं, गाव जे देईल ते घ्यायचं.

त्यांच्या या कामात सतीश कुमार नावाचा राजस्थानचा एक तरुण होता. लहानपणी जैन मुनी झालेला, मग ते सोडून भूदानात आलेला. त्याचा मित्र ई. पी. मेनन केरळचा. 1961 साली त्यांनी पेपरात वाचलं की बर्ट्रांड रसेल हे जवळजवळ नव्वदीचे इंग्रज विद्वान अणुबॉम्बच्या विरोधात बसले म्हणून तुरुंगात गेले. या दोघांना वाटलं, म्हातारा माणूस तुरुंगात जातो आणि आपण जवान पोरं चहा पीत बसलो. त्यांनी ठरवलं, ज्या चार देशांकडे अणुबॉम्ब आहे त्यांच्या राजधान्यांपर्यंत पायी जायचं. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन.

मग ते विनोबांचा आशीर्वाद घ्यायला गेले. आता तयारीचं ऐका. विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, जवळ एक पैसाही ठेवायचा नाही. दुसरी, मांसाहार करायचा नाही.

आपल्याला वाटेल, हा आशीर्वाद की शिक्षा? पण त्यामागचा हिशोब असा होता. खिशात पैसा असला, की थकलेला माणूस खानावळीत जेवेल, खोली घेऊन झोपेल आणि सकाळी पुढे जाईल. गावातल्या कुणाशी बोलणार नाही. पैसा नसला, की त्याला दार वाजवावंच लागेल. आणि ताटात मटण आलं, की "आम्ही खात नाही" म्हणावं लागेल. मग घरचे विचारतील, का नाही? तिथूनच अहिंसेची गोष्ट निघेल.

1 जून 1962 ला ते दिल्लीहून, गांधीजींच्या समाधीपासून निघाले. पाकिस्तानच्या हद्दीवर पोचवायला आलेल्या मंडळींनी शिदोरी पुढे केली. पलीकडे शत्रूचा देश, कोण जेवू घालणार? सतीश कुमारांनी ती घेतली नाही. ही अन्नाची नाही, अविश्वासाची शिदोरी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण पाहुण्याला शिदोरीवाचून वाटेला लावत नाही, म्हणून आपल्याला हे टोचतं. पण हद्द ओलांडल्यावर पलीकडे त्यांची वाट पाहणारा माणूस उभा होता.

पुढे अफगाणिस्तान, इराण, मग तेव्हाचा सोव्हिएत संघ. ते वाटेवर असतानाच ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबावरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर आले होते. म्हणजे ही काही हौसेची सहल नव्हती.

जॉर्जियात चहाच्या कारखान्याबाहेर त्यांना दोन बाया भेटल्या. दोघांनी त्यांना आपलं पत्रक दिलं. बायांनी त्यांना आत नेलं, चहा पाजला, खाऊ घातलं. त्यातल्या एकीला काहीतरी सुचलं. ती चहाच्या चार पुड्या घेऊन आली. चार राजधान्यांतल्या चार पुढाऱ्यांना एकेक द्या म्हणाली. आणि निरोप सांगा, की बॉम्बचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी घटकाभर थांबा आणि ताज्या चहाचा एक कप घ्या.

मैत्रिणींनो, कारखान्यात राबणाऱ्या त्या बाईचं नाव आम्हाला कुठे वाचायला मिळालं नाही. पण पुढचा सगळा प्रवास तिचा निरोप घेऊन झाला. मॉस्को, मग पोलंड, जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स. पोलंड, जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स हे चारही देश आज एकाच शेंगेन व्हिसावर फिरता येतात, बहुतेक ठिकाणी सरहद्द कधी गेली ते कळतही नाही. तेव्हा मात्र जर्मनीचेच दोन तुकडे होते आणि बर्लिनमध्ये भिंत उभी होती. पॅरिसमध्ये निदर्शनं केली म्हणून दोघांना कोठडीत टाकलं. तरी ते लंडनला पोचले, रसेल यांना भेटले आणि जहाजाने अमेरिकेला गेले. सुमारे 8000 मैलांची ही पदयात्रा. एवढ्या वाटेवर रात्रीमागून रात्री कुणाच्या तरी घरी चूल पेटली असेल, कुणीतरी दोन भाकरी जास्त थापल्या असतील. त्यांच्या नकाशात न दिसणाऱ्या त्या हातांनीच ही यात्रा पार पाडली, असं आम्ही मानतो.

बॉम्ब काही संपले नाहीत. ते आजही आहेत. पण ही गोष्ट बैठकीत सांगून झाली तेव्हा काकूंनी वेगळाच प्रश्न काढला. "ते पुरुष होते बाई. रात्री कुणाचंही दार वाजवलं तर चालते त्यांना."

प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तरही पवनारलाच सापडतं. 25 मार्च 1959 ला विनोबांनी तिथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. बहिणी एकत्र राहतील, शेती करतील, अभ्यास करतील, आपला कारभार आपणच सर्वानुमते चालवतील. आणि 1967 साली विनोबांच्याच प्रेरणेने चार बहिणी इंदूरहून लोकयात्रेला पायी निघाल्या. एक ना दोन, बारा वर्षं त्या देशभर चालल्या. गावोगावी बायांशी बोलत, बायांच्या घरी राहत. एकटी नाही, चौघी मिळून, आणि पुढच्या गावाला आधी कळवून. आमच्या मते हीच खरी तयारी. पुण्याच्या साहेबांच्या यादीत हॉटेलांची नावं आहेत, या यादीत माणसांची नावं होती.

तर आम्ही काय ठरवलं ते सांगतो. दिवाळीनंतर कापसाची पहिली वेचणी आटोपली, की आमचा गट पायी निघणार. आधी सेवाग्राम, मग पवनार. घाई न करता, दोन रात्रींचे मुक्काम वाटेतल्या गावांतल्या बचत गटांच्या घरी. त्या गटांना आम्ही आत्ताच चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. त्या आमच्या गावाला येतील तेव्हा त्यांचा मुक्काम आमच्याकडे. घरी म्हातारं माणूस असेल, लहान लेकरू असेल, तर मागे राहणाऱ्या दोघीजणी तिकडे पाहतील. तीही नावं लिहून ठेवली आहेत.

काकूंनी विचारलं, "सोबत काय घ्यायचं?" एक लुगडं, अंथरायला चादर आणि रोजच्या गोळ्या, एवढंच सांगितलं. पण त्यांनी चहापत्तीच्या चार पुड्याही बांधून ठेवल्या आहेत. ज्या घरी उतरू त्यांना द्यायला.

तुमच्या गावावरून आमची वाट जात असेल, तर आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.